दिवा दिसंना म्हणून

शुक्रवार : सोलापूर ते माचणूर

सोलापुरात कॅम्पिंगला चाललेय म्हटलं की लोक आधी विचारतात, कोकणात की सह्याद्रीत? मंगळवेढ्याच्या माळावर, असं सांगितलं की क्षणभर गप्प बसतात आणि मग म्हणतात, तिथं काय आहे? काहीच नाही, म्हणूनच. आमच्याकडचं रान म्हणजे माळ. झाड औषधाला, कुसळी गवत गुडघ्यापर्यंत आणि वर एवढं मोठं आभाळ की मान दुखते. सरकारी कागदावर याला पडीक म्हणतात. त्याच पडिकात लांडगा राहतो, खोकड राहतं, काळविटांचे कळप चरतात. सोलापूरच्या उत्तरेला नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य १९७९ साली झालं ते अशाच गवतासाठी. तिथं तंबू ठोकायला परवानगी नाही आणि नसलेलीच बरी. माळढोक दिसणं तिथंही आता नशिबाची गोष्ट झाली आहे. म्हणून मी उत्तरेचा विचार सोडून दक्षिणेला, भीमेपलीकडे जायचं ठरवलं. एकटीनं, सायकलवर.

फेब्रुवारीचा शेवट होता. पहाटे निघाले तेव्हा थंडी होती, तिऱ्ह्याला सीना ओलांडली तोवर जॅकेट काढून कॅरिअरला बांधलेलं होतं. सामानात एकट्यापुरता तंबू, स्लीपिंग बॅग, बोटभर उंचीचा गॅसचा बर्नर, पंक्चरचं साहित्य, जास्तीच्या ट्यूबा आणि पाणी. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी म्हणजे सोलापूरनं प्रवाशांवर केलेले उपकार आहेत. पापडासारखी पातळ, नासत नाही, विटत नाही. मोडली तरी चालतं, कारण शेवटी मोडूनच खायची असते. कुणावर अवलंबून राहायचं नाही, असा माझा एकूण बेत होता. पाण्यासाठीसुद्धा कुणाच्या दारात जायचं नाही, जमलं तर.

कामतीपर्यंतचा रस्ता चौपदरी आणि कंटाळवाणा. ट्रकवाले हॉर्न वाजवतात, हात करतात, एकानं खिडकीतून केळं पुढं केलं. बेगमपूरचा पूल ओलांडला की भीमेच्या पलीकडच्या काठावर माचणूर. रस्ता सोडून खाली उतरलं की सिद्धेश्वराचं मंदिर, घाट आणि नदीनं घेतलेलं मोठं वळण. शेजारी किल्ल्याची तटबंदी आहे. औरंगजेबानं इथं ब्रह्मपुरीला १६९५ मध्ये छावणी टाकली आणि जवळजवळ साडेचार वर्षं हलला नाही. गावाचं नावही त्यानं इस्लामपुरी करून टाकलं होतं. म्हणजे या काठावर तंबू ठोकणाऱ्यांत माझ्याआधी बादशहाचा नंबर. त्याच्याबरोबर हत्ती, तोफा, बाजार आणि लाखो माणसं होती, आणि तरी त्याला दख्खन काही पचली नाही. माझ्याबरोबर एक बर्नर होता.

मंदिरातल्या गुरवांना विचारलं, घाटाच्या वरच्या अंगाला तंबू लावू का. त्यांनी सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मागं कुणी येतंय का तेही पाहिलं.

"मालक?"

"घरी आहेत."

"बरं," म्हणाले, आणि थोड्या वेळानं एक बल्ब वायरसकट आणून माझ्या तंबूशेजारच्या लिंबाला टांगून गेले. अंधारासाठी एवढ्या लांब आलेल्या बाईला रात्रभर चाळीस वॅटचा उजेड. विझवायला सांगायचा धीर झाला नाही. डोळ्यांवर रुमाल बांधून झोपले.

शनिवार : मंगळवेढा, मरवडे आणि माळ

मंगळवेढा सकाळीच आलं. चोखोबा इथलेच, गावकुसाचं बांधकाम करताना ते कोसळून त्याखाली गेले. दामाजीपंतही इथलेच. दुष्काळात बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार परवानगी न विचारता उपाशी लोकांसाठी उघडलं, आणि मग विठ्ठलानं विठू महाराच्या रूपात जाऊन बादशहाची भरपाई केली, ही कथा आमच्याकडं शाळेत जायच्या आधी ऐकवतात. मला लहानपणापासून त्यातला हिशोबाचा भाग आवडतो. दान केलं म्हणून सोडून दिलं नाही. विठ्ठलालासुद्धा पावती घ्यावी लागली.

मंदिरात दोन मिनिटं थांबून बाजारातून कांदे, गूळ आणि लिंबं घेतली. दुकानदारानं कुठं चाललात विचारलं. हुलजंतीकडच्या माळावर म्हटल्यावर त्यानं बाटल्या मोजल्या आणि स्वतःच्या माठातलं पाणी अजून एका पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून कॅरिअरला बांधलं. "त्या अंगाला पाण्याचं खरं नाही," म्हणाला. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या पस्तीस गावांचा पाणीप्रश्न आमच्याकडं इतका जुना आहे की 'पस्तीस गावं' एवढंच म्हटलं तरी पुढचं सांगावं लागत नाही. लोकांनी त्यासाठी मतदानावर बहिष्कार घातलेला आहे. कॅन घेतला. कुणाकडं पाणी मागायचं नाही हा बेत अशा रीतीनं सकाळी दहालाच संपला, आणि तोही मी न मागता.

दोन्ही बाजूंना ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे ते उगीच नाही. ही काळी जमीन परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते आणि नुसत्या त्या ओलीवर, थंडीवर नि दंवावर मालदांडीचं पीक उभं राहतं. काढणी चालू होती. ज्वारी इथं बऱ्याच ठिकाणी मुळासकट उपटतात. बाया-पुरुष ओळीनं वाकलेले, मागं पेंढ्यांच्या रांगा. दर दोन शेतांमागं कुणीतरी ओरडून विचारायचं, "कुठल्या गावच्या?" सोलापूर म्हटलं की पुढचा प्रश्न, "सोलापुरात कुठं?" आणि विजापूर वेस म्हटलं की त्यांचा कुणीतरी मामा, मेव्हणा नाहीतर मिलमध्ये असलेला चुलता तिथं निघायचाच.

मरवड्याच्या पुढं डांबरी रस्ता सोडला. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याला विचारून घेतलं होतं, गायरानात झोपलं तर चालेल का. "झोपा की. कोण काय करतंय? लांडगा येईल एखादा, पर त्यो मेंढरासाठी." एवढ्या भरवशावर एका कोरड्या पाझर तलावाच्या वरच्या अंगाला तंबू लावला.

संध्याकाळ मात्र मागितली तशी मिळाली. पखुर्ड्यांचा एक थवा डोक्यावरून ओरडत गेला. चंडोल सरळ वर चढून गात राहिला आणि दगड पडावा तसा खाली आला. सूर्य बुडाल्यावर बांधाच्या टोकाला खोकड दिसलं, काळ्या शेंड्याची शेपटी घेऊन उभं राहून माझ्याकडं नीट बघितलं आणि काही विशेष नाही असं ठरवून चालतं झालं. मोज्यांत कुसळं एवढी घुसली होती की ती काढण्यात अर्धा तास गेला. खाली दूर, ज्वारी निघालेल्या एका रानात, धनगरांचं बिऱ्हाड उतरलेलं दिसत होतं: दोन पालं, वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत मेंढरं, एक घोडं आणि चूल. शेतकरी काढणीनंतर मेंढरं रानात बसवतात. लेंड्या आणि मुताचं खत मिळतं, त्याबदल्यात धनगराला धान्य नाहीतर पैसे. कुत्र्यांचं भुंकणं माझ्यापर्यंत येत होतं. माझा कंदील तंबूच्या आत टांगलेला होता. मी बर्नरवर चहा केला, कडक भाकरी मोडली आणि आडवी झाले.

मोबाइलवर कुठंतरी लांब हलक्या पावसाचा अंदाज दाखवत होता. मध्यरात्रीनंतर वारा आला तो हलका नव्हता. आधी तंबूचं कापड फडफडलं, मग अंगावर दाबलं गेलं, मग एका बाजूची काठी कडकन मोडली आणि तिच्या टोकानं कापड वीतभर फाटलं. बाहेर विजा अशा होत होत्या की टॉर्चची गरज नव्हती. आणि मग गारा. सुपारीएवढ्या, काही त्याहून मोठ्या. हेल्मेट डोक्यावर घालून, तंबूचा गोळा अंगावर ओढून मी उकिडवी बसले होते. उघड्या माळावर वीज चमकत असताना सगळ्यात उंच वस्तू आपण असू नये, एवढं शाळेत शिकलेलं आठवत होतं. त्याहून जास्त काही सुचत नव्हतं. कंदील कुठंतरी उडून गेला होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. गारांचा जोर जरा ओसरला तेव्हा कुत्रं अगदी जवळ भुंकलं आणि कापडावर काठीचं टोक टेकलं.

"हाय का कोन आत?"

घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतलेला एक म्हातारा, हातात बॅटरी, मागं एक पोरगा. मला त्यांनी काही विचारलं नाही. सायकल तिथंच आडवी टाकायला लावली, "लोखंड हाय त्ये, ऱ्हाऊ दे," आणि पोरानं माझी स्लीपिंग बॅग खोळीखाली घेतली. चालता चालता मी विचारलं, मामा, तुम्हाला कसं कळलं?

"सांजचं दिवा दिसत हुता तुझा. मग दिसंना."

पालात गेल्यावर माझी समजूत होती की आता मला कोपऱ्यात बसवतील, अंगावर काहीतरी टाकतील. तसं झालं नाही. पाल म्हणजे काठ्यांवर टाकलेला प्लास्टिकचा कागद, त्याचं एक टोक वाऱ्यानं सुटलेलं. म्हातारीनं, म्हणजे मामांच्या मालकिणीनं, माझ्या हातात त्या टोकाची दोरी दिली.

"धर. सोडू नगंस."

बाकीची तिन्ही टोकं धरून सून, नातू आणि एक शेजारच्या पालातली बाई बसली होती. मी चौथी. म्हणजे मी यायच्या आधी ते टोक कोण धरत होतं? मामा. जे टोक सोडून ते मला शोधायला माळ चढून आले होते.

पुढचे दोनेक तास आम्ही तो कागद धरून बसलो. मध्ये म्हातारी उठली, वाघरीकडं गेली आणि पदराखाली दोन कोकरं घेऊन आली. आदल्या दिवशी व्यालेली, भिजून थरथरत होती. तिनं इकडंतिकडं बघितलं, माझ्या स्लीपिंग बॅगवर हात फिरवला, तिच्या पिसांचा मऊपणा अंदाजला आणि विचारलं, "ह्ये उघडतं कुठनं?"

मी चेन उघडून दाखवली. दोन्ही कोकरं आत गेली. बॅगची किंमत त्या क्षणी माझ्या डोक्यात आली होती, खोटं कशाला बोलू. थंडीत शून्याच्या खाली टिकणारी म्हणून घेतलेली बॅग, आणि तिच्यात माडग्याळी जातीची, बाकदार नाकाची दोन पिल्लं आपसूक एकमेकांत तोंड खुपसून झोपली. जतकडच्या या जातीच्या चांगल्या मेंढ्याला बाजारात काय भाव येतो हे नंतर नातवानं सांगितलं तेव्हा लक्षात आलं, बॅगेतला ऐवज बॅगेपेक्षा भारी होता.

"एकलीच फिरतीस?" पाऊस थांबत आला तेव्हा म्हातारीनं विचारलं.

"हो."

"घरात भांडान झालं?"

"नाही हो. हौस."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सुनेला म्हणाली, "हौस म्हनं," आणि दोघी हसल्या. वर्षातले आठ-नऊ महिने उघड्यावर झोपणाऱ्या बाईला उघड्यावर झोपायची हौस समजावून सांगणं अवघड असतं. मी प्रयत्न केला नाही.

रविवार : चिखल, कणसं

उजाडल्यावर मेंढरं मोजली. काही कोकरं गारांनी मेली होती. मामांनी ती बांधाच्या कडेला पुरली, वर दगड ठेवले, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. त्यावर कुणी काही बोललं नाही. चूल ओली होती म्हणून पोरानं घोड्याच्या सामानातून तुराट्या काढल्या, त्या कोरड्या राखलेल्या होत्या. चहा झाला, त्यात मेंढीचं दूध. वास येतो. दुसऱ्या घोटानंतर येत नाही.

मी पिशवीतून पाचशेची नोट काढली. म्हातारी तिच्याकडं अशी बघत राहिली की मी ती परत ठेवली. मग तिनंच मार्ग काढला: कॅनमधलं उरलेलं पाणी घेतलं, लिंबं घेतली आणि "त्यो दिवा सापडला तर आमचा" असं सांगितलं. कंदील तलावाच्या पोटात सापडला. नातवानं बटण दाबलं आणि तो लागला, त्यामुळं व्यवहार सगळ्यांच्या समाधानानं मिटला. मामांनी फाटलेला तंबूही बघितला, पण नको म्हणाले. "ह्येच्यापेक्षा कागद बरा." त्यांचं खरं होतं.

आता सायकल. ज्यांनी काळ्या मातीचा चिखल पाहिला नाही त्यांना तो सांगणं कठीण. तो चाकाला लागत नाही, चाकावर वाढतो. दहा पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यात एक वीट तयार होते आणि चाक फिरायचं थांबतं. काडीनं खरवडा, दहा पावलं, पुन्हा खरवडा. मी उचलून नेत होते, थोडं ढकलत होते, आणि अशाच एका ढकलीत चिखल-गवताचा गोळा मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रात, अडकला, डिरेलर वळून आरांत गेला आणि तो जिथं फ्रेमला बसतो तो हँगर तुटला. चेन लोंबत राहिली. जास्तीच्या ट्यूबा माझ्याकडं होत्या. जास्तीचा हँगर बहुतेकांकडं नसतो, माझ्याकडंही नव्हता. खांद्यावर सायकल घेऊन कुठवर जाणार?

एका वस्तीपाशी ट्रॅक्टर उभा दिसला. पत्र्याचं घर, समोर खळं, आणि खळ्यावर घरातली सगळी माणसं धावपळ करत होती. ज्वारीची कणसं मोडून ढीग घातलेला, मळणी आज-उद्याची, आणि रात्री ताडपत्री उडाली. ओल्या कणसांचा ढीग तसाच राहिला की आतून गरम होतो, दाणा काळा पडतो आणि पांढऱ्याशुभ्र मालदांडीचा भाव निम्म्यावर येतो. मी बांधावरूनच ओरडून विचारलं, दादा, मरवड्याला ट्रॅक्टर जाणार आहे का?

"जाईल की, ताई. संध्याकाळी, न्हाईतर उद्या सकाळी. सायकल ठेवा तिथं लिंबाखाली." मग माझ्या हातांकडं बघून म्हणाले, "मोकळ्या हाव न्हवं? या मग. कणसं पसरायला लागा."

इथं थोडं थांबून एक सांगते. गावाकडच्या पाहुणचाराचं वर्णन मी पुष्कळ वाचलेलं आहे, त्यात पाहुण्याला बाजेवर बसवतात आणि तो भारावतो. माझ्या वाट्याला बाज आली नाही. शनिवार रात्रीपासून मला ज्यानं ज्यानं सांभाळलं त्यानं आधी काहीतरी धरायला, उचलायला नाहीतर पसरायला दिलं. आणि मला त्याचं फार बरं वाटलं. भारावून बसणं हे एक अवघड काम आहे. हातात दोरी असली की माणूस पाहुणा राहत नाही, मग संकोचही राहत नाही.

दुपारपर्यंत आम्ही कणसं पातळ पसरत होतो आणि पायानं चाळवत होतो. ज्वारीच्या कणसाची कूस अंगाला लागली की अशी खाज सुटते की कुसळं बरी. वहिनींनी त्यांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट आणून दिला, तो घालून डोक्याला टॉवेल बांधल्यावर रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं मलाच विचारलं, "मालक हायत का घरात?" यावर सगळं खळं हसलं. ऊन छान पडलं होतं. अशा दिवशी आभाळाला काही लाज म्हणून नसते.

जेवायला पिठलं, भाकरी, कांदा आणि तेलाची धार घातलेली शेंगाचटणी. वहिनी माहेरच्या चडचणकडच्या, सीमेपलीकडच्या. नवऱ्याशी मराठी, फोनवर बहिणीशी कानडी आणि म्हशीशी दोन्ही. मला येणारं कानडी म्हणजे सोलापूरच्या मंडईतलं, भाव विचारण्यापुरतं. तेवढ्यावरही त्यांनी मला "ऊटा माडरी" म्हणत तिसरी भाकरी वाढली. माझा पुढचा रस्ता त्यांनी ऐकून घेतला: हुलजंती, चडचण, झळकी, टाकळीच्या पुलावरून कुडल, मग घर. तंबू फाटलाय म्हटल्यावर त्यांनी तिथंच फोन लावला आणि बहिणीला कळवून टाकलं की उद्या रात्री एक बाई येणार आहे, सायकलवर. माझं मत विचारलं नाही. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाल्या, "तिच्याकडं गरम पाण्याला बंब हाय."

रात्री ओसरीवर झोपले. स्लीपिंग बॅग उघडली आणि मेंढरांचा असा वास आला की वहिनींनी ती दोरीवर टाकायला लावून वाकळ दिली.

सोमवार : एका गिअरची सायकल

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सायकल, मी आणि दुधाच्या किटल्या. गावातल्या गॅरेजात मुख्य काम मोटारसायकलींचं. मिस्त्री पोरगेलासा, फार तर पंचवीसचा. त्यानं तुटका हँगर हातात घेऊन फिरवला.

"ह्यो भाग हितं न्हाई मिळायचा, मावशी. सोलापुरात बी मिळंल का बघा. पर तुमाला घरी जायाचं हाय न्हवं?"

"हो."

"मग गिअर कशाला पायजेत?"

डिरेलर काढून त्यानं माझ्या पिशवीत टाकला. चेन पुढच्या दात्यांच्या मधल्या चक्रावर आणि मागच्या मधल्या चक्रावर घालून बघितली, दोन बोटांनी ताण मोजला, जिथं तोडायची तिथं खडूनं खूण केली. चेन तोडायचं खास अवजार त्याच्याकडं नव्हतं. जुन्या नटावर कडी ठेवून, घासून बारीक केलेल्या खिळ्यानं आणि हातोडीच्या तीन ठोक्यांत त्यानं पिन अर्धी बाहेर काढली. पूर्ण काढली असती तर परत बसवायला जीव गेला असता. जादाच्या कड्या वेगळ्या करून टोकं जुळवली, उलट्या बाजूनं पिन ठोकली आणि ती कडी दोन्ही बाजूंना हलवून मोकळी केली. मागचं चाक जरा मागं सरकवून चेन ताठ केली. सगळं मिळून वीस मिनिटं. चाक फिरवून कान लावून ऐकलं आणि तीस रुपये मागितले. मी शंभर दिले तर सत्तर परत केले, वर तोडलेल्या कड्या कागदात गुंडाळून दिल्या. "ठिवा. मोडली तर लागतील."

हुलजंतीला महालिंगरायाच्या मंदिरात टेकले. दिवाळीच्या अमावस्येला इथं महाराष्ट्र, कर्नाटकातले धनगर जमतात, पालख्यांची भेट होते; शिव-पार्वती रात्री येऊन शिखराला मुंडास बांधून जातात अशी श्रद्धा आहे आणि त्या मुंडाशावरून पुढच्या वर्षाच्या पावसापाण्याचं भाकीत करतात. आता अंगण रिकामं होतं. पुजाऱ्यांना शनिवार रात्रीच्या गारांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कुणाची मेंढरं? नाव सांगितलं तर ओळखीचे निघाले, किती कोकरं गेली हे मोजून विचारून घेतलं.

एका गिअरवर चढ अवघड जातो, बाकी फरक पडत नाही. चडचणला अंधार पडताना पोचले. लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडची माणसं या गावात येतात, त्यामुळं पेठ ओळखीची. वहिनींची बहीण दुकानांच्या मागच्या गल्लीत राहत होती आणि दारातच उभी होती. टपालातलं रजिस्टर पोचल्यासारखं तिनं आधी फोन करून माझी पोच बहिणीला दिली, मग मला आत घेतलं. बंब खरंच तापलेला होता. आंघोळीच्या पाण्यात ज्वारीची कूस, काळी माती आणि लोकर एकत्र वाहून जाताना पाहिली.

मंगळवार : टाकळी, कुडल, सोलापूर

झळकीहून मोठा रस्ता, ट्रक, धूळ. टाकळीच्या पुलावर थांबून भीमा बघितली. उजनीतून सोडलेलं पाणी नदीतून वाहत इथवर येतं, औजच्या बंधाऱ्यात अडतं आणि इथून उपसून सोलापूरच्या नळाला जातं, काही दिवसांआड. म्हणजे माझ्या घरातल्या टाकीचं तोंड पुलाखाली होतं आणि गेले काही दिवस मी ज्या गावांतून पाणी प्यायले त्यांच्या नळाला त्यातलं किती पोचतं हे त्या गावांनाच विचारावं.

कुडलला वाकडी वाट करून गेले, कारण इतक्या जवळ येऊन न जाणं बरं नाही. भीमा-सीनेचा संगम, चालुक्यकाळातलं संगमेश्वराचं देऊळ, ३५९ मुखं कोरलेलं ते प्रचंड शिवलिंग, आणि शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख. हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओळीपुढं शाळेच्या सहलीतली पोरं उभी होती आणि त्यांच्या बाई ती ओळ मोठ्यानं वाचून घेत होत्या. मी अर्धा तास सावलीत बसले. इथं मात्र कुणी काही काम सांगितलं नाही, त्यामुळं चुकल्यासारखं झालं.

मंद्रूप, वडकबाळ, सीनेचा पूल आणि विजापूर रोड. घरी जायच्या आधी सायकल नेहमीच्या दुकानात टाकली. दुकानदारांनी हँगरचा फोटो काढून कुठंतरी पाठवला, आठ दिवस लागतील म्हणाले. मग खाली वाकून चेन बघायला लागले, एक कडी बोटानं मागं-पुढं केली.

"ही कुणी जोडली?"

"मरवड्याला. खिळ्यानं."

"खिळ्यानं?" त्यांनी चष्मा वर केला. "त्याचा नंबर आहे का तुमच्याकडं? माझ्याकडं माणूस पाहिजे आहे."

नंबर मी दिला नाही. आधी त्याला विचारते म्हटलं. फोन केला तेव्हा तो दुसऱ्या कुणाची तरी मोटारसायकल खोलून बसला होता. सोलापूरचं ऐकून हसला आणि म्हणाला, "त्यास्नीच इकडं पाठवा, मावशी. आमच्याकडं बी माणूस पायजेलच हाय."